जांभ्याच्या जुन्या इमारतीत बिनतारी नर्स कॉल बेल चालेल का? (कुडाळ, ३० खाटा)

वॉर्डसिस्टर_कुडाळ

नमस्कार. मी कुडाळजवळच्या एका खाजगी हॉस्पिटलात वॉर्ड इन्चार्ज आहे. जुनी इमारत जांभ्याची, दीड फूट जाड भिंती, कौलं काढून आता वर पत्रे घातलेत. मागच्या अंगाला नवी दोन मजली स्लॅबची इमारत, मधला पॅसेज पत्र्याचा. जुन्या भागात स्त्री आणि पुरुष जनरल वॉर्ड, नव्या भागात मॅटर्निटी, स्पेशल रूम आणि ओटी. नर्सिंग स्टेशन एकच, जुन्या भागाच्या तोंडाशी. रात्रपाळीला दोन सिस्टर आणि एक मावशी.

खाटेशेजारी वायरच्या बेल आहेत, पण पावसाळा सुरू झाला की भिंत ओल धरते, स्विचच्या आत तांब्यावर हिरवं चढतं, आणि एकेक बेल मुकी होत जाते. ज्या चालतात त्यांची दोरी नातेवाईक खाटेच्या दांडीला गुंडाळून ठेवतात, ती मानेशी तुटते. वायरमन म्हणतो, झिरी मारून नवीन लाइन टाकायला हवी. भरलेल्या वॉर्डात जांभ्याला झिरी मारायची तर लाल धूळ किती उडते ते तुम्हाला ठाऊक असेलच. तेवढे दिवस पेशंट हलवायचे कुठे?

इथे लिहितेय ते एका आजींमुळे. वालावलकडच्या. मुलगा मुंबईला, सून गणपतीनंतर परत गेलेली, शेजारीण दिवसभर बसून संध्याकाळच्या एसटीने घरी जायची. पहाटे आजी एकट्याच बाथरूमला निघाल्या, उंबऱ्याशी पाय घसरला, मनगट मोडलं. त्यांच्या खाटेची बेल चालू होती, मी स्वतः दाबून बघितली. आजींना विचारलं, बेल का नाही दाबलीत? म्हणाल्या, "तुमची झोप मोडात म्हणान नाय दाबलंय." आम्ही जाग्याच होतो हो. दोघीही पुरुष वॉर्डात एका पेशंटला धाप लागली होती तिथे होतो. आजींना स्टेशनवरची रिकामी खुर्ची दिसली आणि त्यांना वाटलं, पोरी झोपल्या असतील.

डॉक्टरसाहेब एनएबीएचच्या (रुग्णालयांना गुणवत्तेचं प्रमाणपत्र देणारी संस्था) एंट्री लेव्हलची तयारी करताहेत, त्यामुळे या वर्षी खर्चाला तयार आहेत. दोन प्रकार समोर आलेत. एक ऑनलाइन मिळणारा, हॉटेलात टेबलावर लावतात तसली बटणं आणि आकडा दाखवणारा बोर्ड. दुसरा कोल्हापूरच्या एका माणसाने दाखवलेला, पहिल्याच्या कितीतरी पट महाग. त्यात म्हणे बटण आणि बोर्ड एकमेकांशी "बोलतात". मला तांत्रिक काही कळत नाही. मला एवढंच हवंय की पेशंटने दाबलं की आम्हाला कळलं पाहिजे, आणि आम्ही स्टेशनवर नसलो तरी कळलं पाहिजे. कुणी कोकणात बसवलीय का? पावसाळ्यात कशी चालते?

दापोलीकर_डॉक्टर

सिस्टर, आमचं १२ खाटांचं मॅटर्निटी होम आहे. स्वस्तातली पद्धत बसवली. आरसीसी बांधकाम, एकच मजला, त्यामुळे रेंजची अडचण नाही आली. अडचण वेगळी आली. रात्री अधूनमधून ४ नंबर खोलीची बेल वाजायची आणि आत बाळंतीण गाढ झोपलेली असायची. पलीकडच्या लॉजने त्याच जातीची बटणं रूम सर्व्हिससाठी घेतली होती, आणि त्यांच्या एका बटणाचा कोड आमच्या ४ नंबरशी जुळत होता. आम्ही कोड बदलून घेतले, प्रश्न मिटला. पण तोवर आमच्या सिस्टरांनी ४ नंबरकडे दुर्लक्ष करायला सुरुवात केली होती. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

छोटी जागा असेल तर स्वस्तातलं पुरतं, असं माझं मत. तुमच्या दोन इमारती आहेत, तिथे मी विचार करीन.

रत्नागिरी_बायोमेडिकल

सिस्टर, मी रत्नागिरीत हॉस्पिटलच्या उपकरणांची दुरुस्ती करतो. मॉनिटर, सक्शन, सिरिंज पंप हा रोजचा धंदा, आणि सावर्ड्यापासून खाली बांद्यापर्यंत कॉल बेलची कामंही केलीत. कुठल्या कंपनीचं घ्या ते सांगणार नाही. काय बघून घ्या ते सांगतो. थोडं लांबेल.

आधी दोन्हींतला फरक. हॉटेलवाल्या बटणात फक्त पाठवायची सोय असते. दाबलं की ४३३ मेगाहर्ट्झवर एक कोड हवेत जातो. बोर्डाने ऐकला तर आकडा उमटतो, नाही ऐकला तर बटणाला त्याचा पत्ता नसतो. बटणावरचा लाल दिवा लागतो तो "मी पाठवलं" एवढंच सांगतो. पेशंटला वाटतं सिस्टरना कळलं, तो वाट बघत पडून राहतो. दोन पेशंटांनी एकाच क्षणी दाबलं तर दोन्ही कोड एकमेकांवर आदळून दोन्ही वाया जाऊ शकतात. सेल संपला तरी बोर्डाला कळत नाही, तो शांतच असतो. शांत बोर्ड म्हणजे कुणाला काही नकोय, की बटणंच मेलीत, हे ओळखायची सोयच त्यात नाही. हॉस्पिटलसाठी मला हे चालत नाही, आणि तुमच्यासारख्या ३० खाटांना तर अजिबातच नाही.

कोल्हापूरवाल्याने दाखवलेलं दुतर्फी आहे. बटण पाठवतं, बोर्ड पोच देतो, पोच आली नाही तर बटण पुन्हा पाठवतं. शिवाय कुणी न दाबताही प्रत्येक बटण ठरावीक वेळाने बोर्डाला हजेरी देतं. हजेरी चुकली की बोर्डावर दिसतं, अमुक खाटेचं बटण गप्प आहे. सेल उतरायला लागला की तेही कळतं. महाग पडतं ते यासाठी. पण त्याच्याकडून हे सगळं प्रत्यक्ष करून घ्या. एका बटणाचा सेल काढायला सांगा आणि किती वेळात बोर्ड तक्रार करतो ते घड्याळ लावून बघा. अमेरिकेत या कामासाठी यूएल १०६९ आणि जर्मनीत व्हीडीई ०८३४ अशी मानकं आहेत. त्यातलं कुठलं पाळलंय का, तेही विचारा.

कुठल्या फ्रिक्वेन्सीवर चालतं हा पुढचा प्रश्न. आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा अशा कामाला विनापरवाना मोकळा आहे, आणि जाड भिंतीतून तो २.४ गिगाहर्ट्झपेक्षा बरा जातो. वायफाय, ब्लूटूथ, झिग्बी हे २.४ वर चालणारे. ओला जांभा हा त्यांचा मोठा शत्रू. जांभा सच्छिद्र दगड, पावसाळाभर पाणी पिऊन बसतो, आणि पाणी रेडिओ लहरी शोषतं. मे महिन्यात मस्त चालणारी सिस्टिम ऑगस्टमध्ये शेवटच्या दोन खाटा गमावते ती यामुळे. काही लोक बाहेरून ९१५ मेगाहर्ट्झवाला माल आणून विकतात. अमेरिकेत ९०२ ते ९२८ पट्टा मोकळा आहे, आपल्याकडे त्यातला काही भाग मोबाइल सेवेकडे आहे. तो माल घेऊच नका. विक्रेत्याकडे डब्ल्यूपीसीचं (केंद्र सरकारचं बिनतारी लहरींचं खातं) ईटीए, म्हणजे उपकरणाला मान्यता दिल्याचं प्रमाणपत्र मागा, म्हणजे हा घोळ आपोआप गळतो.

तुमच्या जागेत एकेक रिपीटर (बटणाची लहर पकडून पुढे पाठवणारा डबा) पत्र्याच्या पॅसेजच्या दोन्ही टोकांना लागेलच असं मी धरून चालतो. पत्रा लहरी परतवतो. एक्स-रे रूम असेल तर तिच्या शिशाच्या भिंतीच्या सावलीत येणाऱ्या खाटा वेगळ्या तपासा. लोखंडी कपाटं भिंतीला लावलेली असतील तर तीही. ओटीच्या बाजूला डायथर्मी (ऑपरेशनमध्ये विजेने कापायचं-डागायचं यंत्र) चालू असताना एकदा बटणं दाबून बघा. डायथर्मीचा गोंगाट फार मोठा असतो.

पैसे देण्याआधी डेमो मागा, आणि डेमो मुसळधार पावसाच्या दिवशी मागा. विक्रेता ऊन पडलेल्या दिवशी, सगळी दारं उघडी ठेवून, बटण हातात उंच धरून दाखवतो. तुम्ही दारं लावा. एक मावशी प्रत्येक खाटेवर आडवी पडेल, बटण मुठीत घट्ट धरून पांघरुणाखाली नेईल आणि दाबेल. माणसाचं शरीरही पाण्याचंच, तेही लहर अडवतं. दुसरी व्यक्ती बोर्डाशी उभी. बाथरूम सोडू नका, उलट तिथूनच सुरुवात करा. पेशंट पडतो तो तिथे. बाथरूममध्ये भिंतीवरचं बटण पुरत नाही, लाल दोरी हवी आणि ती फरशीपासून चार बोटांवर यायला हवी, म्हणजे पडलेल्या माणसाच्या हाताला लागेल. सफाईवाले ती पाण्यात भिजते म्हणून वर गाठ मारून ठेवतात. ती गाठ दिसली की लगेच सोडवायची. बाथरूमचं युनिट आयपी६७ दर्जाचं, म्हणजे धूळ-पाणी आत न जाणारं घ्या.

खारी हवा. तुम्ही किनाऱ्यापासून आत आहात, तरी सेलच्या पट्ट्यांवर थर येतोच. मालवण, वेंगुर्ल्याला तर सेल चांगला असून बटण मेलेलं मी कितीदा बघितलंय. झाकणाला रबरी वॉशर आहे का ते बघा, आणि सेल बदलताना पट्ट्या स्पिरिटने पुसा. सेल कुडाळच्या बाजारात मिळतो तोच असू दे. सीआर२०३२ कुठल्याही घड्याळाच्या दुकानात मिळतो. काही बटणांत असे सेल असतात जे मुंबईहून मागवावे लागतात, आणि तोवर खाट बिनबेलीची.

लाईट जाणं कोकणात नेहमीचं. बोर्ड आणि रिपीटर दोन्ही बॅटरीवर हवेत. रिपीटर विसरतात हो लोक! बोर्ड इन्व्हर्टरवर घेतात आणि रिपीटर साध्या सॉकेटमध्ये खुपसतात. मग लाईट गेली की मागची सगळी इमारत गप्प. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला आलं, तेव्हा दापोली-मंडणगडकडे किती दिवस वीज नव्हती ते वरच्या दापोलीच्या डॉक्टरांना विचारा. आणि इन्व्हर्टर जमिनीवर ठेवू नका. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळुणात तळमजल्यावरची यंत्रं पाण्यात गेली, तेव्हापासून मी सगळ्यांना छातीच्या उंचीवर फळी मारायला लावतो. आणखी एक. जी सिस्टिम इंटरनेटवरून फिरून बोर्डावर येते ती नको. झाड पडून फायबर तुटली की तुमच्या वॉर्डातली बेल वाजू नये, हे चालणार नाही. सगळं इमारतीतल्या इमारतीत चाललं पाहिजे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि यावर मी अडून बसतो. कॉल स्टेशनवरून बंद करता येता कामा नये. खाटेशी जाऊनच बंद झाला पाहिजे. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी १८५३ मध्ये, क्रिमियाच्या युद्धावर जायच्याही आधी, लंडनच्या हार्ले स्ट्रीटवरच्या रुग्णालयासाठी घंटा मागितल्या होत्या. त्यात त्यांची अट होती की घंटा वाजली की त्या खोलीची झडप उघडावी आणि उघडीच राहावी, म्हणजे उशिरा आलेल्या नर्सलाही कुणी बोलावलं ते दिसेल. तारा आणि दोऱ्यांच्या काळात त्यांना हे सुचलं होतं. आज विकणारे लोक रिमोटचं एक बटण देतात, स्टेशनवर बसून सगळे कॉल पुसून टाका म्हणून. ते बटण काढून घ्यायला सांगा. खाटेशेजारी वेगळं "आले" बटण बसवून घ्या आणि खोलीच्या दारावर बाहेर दिवा. तुमच्या आजींना रिकामी खुर्ची दिसली ना, त्यांच्याच दारावरचा दिवा लागलेला दिसला असता तर त्या थांबल्या असत्या, असं मला वाटतं.

तुम्ही दोघी पुरुष वॉर्डात होतात, त्यासाठी मनगटावरचा पेजर. घड्याळासारखा बांधायचा, थरथरतो आणि खाट नंबर दाखवतो. मोठ्या आवाजाचा बझर रात्री मंद ठेवता येतो, मग बाकीचे पेशंट झोपतात.

फिजिओ_सावंतवाडी

वरच्या सगळ्याशी सहमत. पेशंटच्या हाताबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते.

अर्धांगवायूचा पेशंट येतो, उजवी बाजू गेलेली, आणि बटण उजव्या उशीशी टाचलेलं. मी हे इतक्यांदा बघते. कारण भिंतीतला पॉइंट उजवीकडे असतो आणि दोरी तेवढीच पोचते. बिनतारीचा खरा फायदा मला इथे दिसतो. बटण चालत्या हाताकडे नेता येतं. सिस्टर, खाटेच्या कागदावर "बेल डावीकडे" असं लिहायची पद्धत पाडा, म्हणजे चादर बदलताना मावशी ते परत उजवीकडे ठेवणार नाही.

काही बटणं इतकी टणक असतात की संधिवाताच्या बाईचा अंगठा ते दाबू शकत नाही. घेताना स्वतःच्या करंगळीने दाबून बघा. हात अगदीच अशक्त असेल तर तळहाताने किंवा गालाने दाबायचं मोठं पॅड मिळतं, किंवा रबरी फुगा. असे दोन-तीन घेऊन ठेवा. बिनतारी बटण डिस्चार्जच्या पिशवीतून घरी जातं आणि चादरीबरोबर धोब्याकडेही जातं, म्हणून फाइल बंद करताना बटण परत घेतल्याची सही ठेवा. दोन पेशंटांच्या मध्ये स्पिरिटने पुसायचं हे वेगळं सांगायला नको.

आणि मण्यार चावलेला पेशंट. पापण्या पडायला लागल्या, मान सावरेना, म्हणजे थोड्या वेळात त्याच्या बोटातही जोर राहणार नाही. त्याच्या हातात बटण देऊन निघून जायचं नाही. तिथे माणूसच हवा. तुम्हाला हे माहीत आहे, पण सिस्टिम आल्यावर नव्या मुली "बेल दिलीय ना" म्हणतात, ते मी ऐकलंय.

वॉर्डसिस्टर_कुडाळ

तिघांचेही मनापासून आभार. रत्नागिरीचे दादा, तुम्ही लिहिलेलं छापून डॉक्टरसाहेबांच्या टेबलावर ठेवलं. दोन शंका राहिल्या.

पहिली. कोल्हापूरवाला म्हणतो, कोण किती मिनिटांनी पोचलं याची सगळी नोंद राहते. माझ्या मुली घाबरल्यात. एक म्हणाली, बाई, यावरून पगार कापतील. त्यांचं चुकतंय असं मला नाही वाटत. एकीच्या हातात डिलिव्हरीचं काम असताना दुसरीला चार बेल आल्या, तर नोंदीत फक्त उशीर दिसणार. नोंद बंद ठेवता येते का?

दुसरी. आजींसारख्या माणसांचं काय करायचं? आमच्याकडे येणारे निम्मे पेशंट तसेच आहेत. कुणाला त्रास द्यायचा नाही हे हाडात भिनलेलं. सिस्टिम कितीही भारी आणली तरी दाबणारच नसतील तर?

रत्नागिरी_बायोमेडिकल

नोंद बंद करू नका, सिस्टर. तीच तुमच्या कामाला येईल. खाटेवरून कॉल बंद करताना कारण निवडायची सोय मागा: सलाईन, बाथरूम, दुखतंय, इतर. महिन्याभराने कागद काढा. मी जिथे जिथे बघितलंय तिथे पहाटे पाच ते सात हा सगळ्यात भरगच्च वेळ असतो. बाथरूम, सकाळचे सँपल, पाळी बदलायची तयारी, सगळं एकत्र. तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा आणि म्हणा, या दोन तासांना तिसरी व्यक्ती द्या. तोंडी सांगितलेलं विसरलं जातं, छापील नोंद टाळता येत नाही. पण हे मुलींसमोर आणि डॉक्टरांसमोर आधीच ठरवून घ्या, लेखी: नोंद मनुष्यबळ ठरवायला वापरायची, कुणा एकीला धरायला नाही. तसं लिहून मिळत नसेल तर तुमच्या मुलींची भीती खरी आहे, आणि मीही त्यांच्या बाजूने बोलेन. हवं तर डॉक्टरांशी फोनवर बोलतो.

आजींबद्दल फिजिओताई जास्त चांगलं सांगतील.

फिजिओ_सावंतवाडी

"काही लागलं तर बेल दाबा" असं सांगून त्या दाबणार नाहीत. त्यांना "काही लागणं" म्हणजे फार मोठं काहीतरी वाटतं. त्यापेक्षा ॲडमिट होताना सिस्टरने शेजारी बसून एकदा त्यांच्याकडून दाबून घ्यायचं. दारावरचा दिवा लागला तो दाखवायचा, पेजर थरथरला तो त्यांच्या हाताला लावून दाखवायचा. आणि नेमकं सांगायचं: "आजी, रात्री बाथरूमला जायचं असेल तर मला बोलवायचंच. तुम्ही पडलात तर मला जास्त काम." हे त्यांना लगेच पटतं. आपल्यामुळे दुसऱ्याचं काम वाढू नये हीच तर त्यांची काळजी असते.

आणि बेलची वाट न बघता तासाला एक फेरी. २००६ मध्ये अमेरिकन जर्नल ऑफ नर्सिंगमध्ये अनेक हॉस्पिटलांतला अभ्यास आला होता. दर तासाला ठरवून फेरी मारली आणि दुखतंय का, बाथरूमला जायचंय का, कूस बदलायचीय का, पाणी-चष्मा हाताशी आहे का एवढं विचारलं, तर बेल वाजण्याचं प्रमाण कमी झालं आणि पेशंट पडणंही कमी झालं. दोघींना रात्री दर तासाला जमणार नाही हे मला कळतं. मग निदान रात्री अकराला आणि पहाटे साडेचारला, आणि फक्त एकट्या असलेल्या म्हाताऱ्या पेशंटांकडे. त्यांच्या खाटेच्या कागदावर एक खूण करा. मावशीलाही ही फेरी शिकवता येते. आमच्याकडे मावशीच करते, आणि पेशंट तिच्याशी जास्त मोकळेपणाने बोलतात.

वॉर्डसिस्टर_कुडाळ

मावशीचं पटलं. आमची मावशी पाट गावची आहे, तिच्याशी सगळ्या आज्या मालवणीत तासन् तास बोलतात. आजपासूनच साडेचारची फेरी सुरू करते, त्याला सिस्टिम यायची गरज नाही.

डॉक्टरसाहेबांशी बोलणं झालं. कोल्हापूरवाल्याला पावसाच्या दिवशी डेमोला बोलावतोय. बाथरूमच्या दोऱ्या, दारावरचे दिवे आणि खाटेवरचं "आले" बटण कोटेशनमध्ये घालायला सांगितलंय. नोंदीबद्दल लेखी द्यायला साहेब एकदम तयार झाले नाहीत, विचार करतो म्हणाले. दादा, तुमचा नंबर मला मेसेज करा, तुम्हाला फोन जोडून देते.

रत्नागिरी_बायोमेडिकल

मेसेज केलाय. डेमोच्या दिवशी पॅसेजच्या दोन्ही बाजूंची दारं लावून घ्या, आणि रिपीटरची पिन काढून एकदा सगळ्या बाथरूममधून दोऱ्या ओढून बघा. कुठली गप्प राहते ती लिहून ठेवा, मला तेवढा कागद पाठवा.